भट्टीघराचं धुराडं

रासमुस गेला तो फेब्रुवारीत, ऐन बर्फात. मागे राहिल्या अडतीस मेंढ्या, एक कानफाटं मांजर, भट्टीघरातली तांब्याची मोठी काहील आणि धाकटा भाऊ मागनार. मागनारचं वय त्रेसष्ट. त्याच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघाले तर तो दिवस सणाचा म्हणायचा.

दोघंही बिनलग्नाचे. चाळीस वर्षं त्या टेकडीवरच्या घरात दोघांनी कामं वाटून घेतली होती. मेंढ्या, कुंपण, लाकडं मागनारची. बोलणं रासमुसचं. दुकानात बोलायचं रासमुसने, चर्चबाहेर बोलायचं रासमुसने, मेंढ्यांचा डॉक्टर आला तरी मेंढीला काय होतंय ते सांगायचं रासमुसने आणि मेंढी धरायची मागनारने. मागनारला त्यात काही कमी वाटलं नाही. घरात एक रेडिओ चालू असला की दुसरा कशाला लावायचा?

आता रेडिओ बंद पडला होता. मार्च गेला, उन्हाळा गेला, मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या, तरी टेकडीची वाट चढून कोणी आलं नाही. सुरुवातीला लोक आले होते, केक घेऊन. बसले, खिडकीबाहेर बघितलं, "बर्फ फार आहे यंदा" म्हणाले. मागनार "हो" म्हणाला. पुढे काय बोलायचं ते ना त्यांना सुचलं, ना ह्याला. रिकामी भांडी त्याने धुऊन खाली पोस्टाच्या डब्यांपाशी नेऊन ठेवली, ज्याची त्याने नेली, संपलं.

दर रविवारी थोरली बहीण तोरुन बर्गनहून फोन करायची.

"मागनार? अरे, जिवंत आहेस ना? श्वास ऐकू येतोय, पण माणूस ऐकू येत नाहीये!"

"आहे."

"खाली नगरपालिकेची घरं आहेत ना, खाडीच्या काठची, साठीच्या पुढच्यांची? एक रिकामं झालंय. गरम पाण्याचा नळ, शेजारी दुकान, बाजूला माणसं. तिथे एकटा भुतासारखा काय करतोयस? कोण येतं तुझ्याकडे?"

"येतात."

"कोण? नाव सांग एकाचं!"

मागनारने मांजराकडे बघितलं. खोटं बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे नाव पटकन सुचलं नाही.

"नाताळपर्यंत सांगतो," तो म्हणाला.

त्या रात्री त्याच्या मनाने घेतलं की यंदा बियर काढायची. आपण काढायची.

आमच्या खोऱ्यात नाताळच्या आधी घरोघरी बियर निघते, हे काही नवीन नाही. पण मागनारने ती कधी काढली नव्हती. त्याने लाकडं फोडायची, पाणी भरायचं, काहिलीचा एक कान धरायचा; दुसरा कान रासमुसचा. बाकी सगळी अक्कल रासमुसच्या डोक्यात. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बियर पिंपात ओतायच्या वेळी, लोक यायचे. कोणी बोलावलेलं नसायचं. बोलावण्याची रीतच नाही. आमच्याकडे म्हणतातच, बोलावून पाजावी लागते ती बियर नव्हे, औषध. दार ढकलून आत यायचं, बूट झटकायचे, बसायचं. रंगवलेला लाकडी वाडगा हातोहात फिरायचा. दुसऱ्यांकडेही असंच. रासमुस सकाळी खिडकीशी कॉफी पीत उभा असायचा आणि मध्येच म्हणायचा, "चल, परवा होवारकडे जायचंय." मागनार जायचा. त्याला कसं कळलं, हे मागनारने चाळीस वर्षांत विचारलं नाही.

तर त्याने मनाशी ठरवलं ते असं. बियर काढायची. तिसऱ्या दिवशी एक जरी माणूस दार ढकलून आत आलं, तर हे घर अजून घर आहे. मग तोरुनला सांगायचं, नाही येत. कोणीच नाही आलं, तर मेंढ्या विकायच्या आणि जायचं खाली, गरम पाण्याच्या नळापाशी. उगाच कुणाला त्रास नको.

पहिली अडचण काहिलीचीच आली. भट्टीघरात जाऊन त्याने तिचा कान धरून उचलला. ती बाजू उठली, दुसरी चुलीवरच. तो फिरून पलीकडे गेला, तो कान उचलला, तर अलीकडची बाजू खाली. रिकाम्या काहिलीची ही गत. उकळत्या रसाने भरलेली कोण पेलणार? काहिलीला दोन माणसं लागतात आणि घरात होतं एक. तो थोडा वेळ तिथेच, थंडगार चुलीच्या कठड्यावर बसला. मग उठून शहरात गेला.

बियरच्या सामानाच्या दुकानात नाकात चमकी घातलेली एक मुलगी होती.

"पहिल्यांदाच?" तिने विचारलं.

"हो."

"घाबरू नका हो. स्वयंपाकासारखंच असतं."

"मला स्वयंपाकही येत नाही."

ती हसली. मागनार विनोद करत नव्हता. तिने त्याला विजेवर चालणारं पंचवीस लिटरचं पातेलं दिलं, एक झाकणाची बादली, झाकणात बसवायची वाकडी नळी, थर्मामीटर, नळ्या. वर तीन गोष्टी बजावल्या: सगळं स्वच्छ ठेवायचं, तापमान बघायचं आणि घाई करायची नाही. दळलेलं मोडाचं जव दिलं. बियर आंबवायच्या विरजणाची, यीस्टची पुडी द्यायला लागली तेव्हा मागनार म्हणाला, "ते घरचं आहे."

"घरचं? जुनं?"

"आजीच्या आजीचं."

मुलीने पुडी परत ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे जरा मान देऊन बघितलं.

घरचं विरजण फ्रीजरमध्ये जॅमच्या बाटलीत होतं, वाळलेले पिवळट पापुद्रे. झाकणावर रासमुसच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'मागच्या नाताळचं. झकास.' मागनारने ती बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून कॉफी प्यायला. एवढ्या जवळून भावाचं अक्षर फेब्रुवारीनंतर त्याने पाहिलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे उठून त्याने स्वयंपाकघरात काम मांडलं. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या तोडून आणल्या, पातेल्यात उकळायला टाकल्या आणि मेंढ्यांना गवत टाकून येईपर्यंत पाणी उतू जाऊन जमिनीवर. पुसलं. मग जव भिजत घातलं. सदुसष्ट अंश दाखवायला हवे होते, दाखवले बहात्तर. गार पाणी ओतलं तर एकसष्ट. "अरे बाबा, मध्ये थांब ना कुठेतरी!" तो थर्मामीटरला म्हणाला आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. दीड तासाने खालचा नळ सोडला तर थेंब येईना. चोथा अडकला होता. रासमुस तळाला जुनिपरच्या फांद्या अंथरायचा ते काही वासासाठी नव्हे, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं. म्हणजे सगळं उपसून, फांद्या घालून, पुन्हा भरलं. दुपारपर्यंत जमीन अशी चिकट झाली की चालताना बूट चटचट वाजत होते आणि मांजर टेबलावरून खाली उतरायला तयार नव्हतं.

पण रस निघाला. तपकिरी, दाट, गोड. हॉप्सची कडू फुलं टाकून तो उकळला, मग पातेल्याभोवती बर्फ रचून निववला. विरजण घालायला रस एकोणचाळीस अंशांवर यायला हवा. रासमुस कोपर बुडवून सांगायचा. मागनारने थर्मामीटर बघितला आणि तरीही कोपर बुडवलं. अंगात ताप भरलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा तसं लागलं. फेब्रुवारीत त्याने असाच हात लावला होता.

आता राहिली आरोळी. विरजण घालताना ओरडायचं असतं, पोटातून, जितका दम असेल तितकं. न ओरडता घातलेलं विरजण मुकं राहतं म्हणतात. रासमुस भट्टीघराचं दार सताड उघडून असा ओरडायचा की समोरच्या कड्यावरून दुसरा रासमुस उलट ओरडायचा. मागनारने रस बादलीत ओतला, त्यात पापुद्रे टाकले. घसा खाकरला. खिडकी बंद आहे ना, बघून घेतलं.

"हो," तो म्हणाला.

मांजराने मान वर केली आणि परत खाली घातली.

बादली गरम राहायला हवी म्हणून त्याने ती चुलीशेजारच्या रासमुसच्या खुर्चीत ठेवली आणि तिला रासमुसचा लोकरीचा स्वेटर घातला. बाह्या दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या. निजायच्या आधी नळीतून पहिला बुडबुडा आला, गुडुप. मग दुसरा. थोड्या वेळाने तर धरबंधच राहिला नाही, गुडगुड, गुडगुड. विरजण मुकं नव्हतं. खोलीत आपल्याशिवाय कुणाचा तरी आवाज येतोय, याचा त्याला इतका आनंद झाला की तो अंथरुणातून उठून परत खुर्चीपाशी आला.

"झोप आता," तो बादलीला म्हणाला. जग हसलं असतं, पण जग होतं कुठे तिथे?

शनिवारी संध्याकाळी सगळं तयार होतं. बियर लहान लाकडी पिंपात भरून झाली होती. विरजणाचा साका त्याने कागदावर पसरून वाळत घातला होता, पुढच्या वर्षासाठी. खारवून वाळवलेलं मटण पातळ कापलं, भाकरीची चवड लावली, लाकडी वाडगा धुऊन पुसून मधोमध ठेवला. मग त्याला वाटलं, खुर्च्या कमी आहेत. माडीवरून एकेक करून नऊ खुर्च्या खाली आणल्या. आणखी लागल्या तर बाकडं आहेच.

पाच वाजता त्याने बाहेरचा दिवा लावला. सहा वाजता पायरीवरचा बर्फ लोटला, सकाळी लोटला होता तरी. साडेसहाला बाहेर धप्प आवाज झाला आणि तो ताडकन उठून उभा राहिला. छपरावरून बर्फ घसरला होता. खाली रस्त्यावर एका गाडीचे दिवे दिसले, पुलापाशी आले, आता वळणार, आता वळणार, आणि सरळ निघून गेले. अगदी खालच्या घरात, बोर्गहिलच्या स्वयंपाकघरात दिवा होता. तिची सावली इकडून तिकडे गेली. रासमुस असताना बोर्गहिल सगळ्यांत आधी यायची, धापा टाकत, आणि दारातूनच म्हणायची, "आंबट झाली असली तर आत्ताच सांगा, मी उलट्या पावली जाते!"

आठ वाजले. मटणाच्या कडा वाळून वर वळल्या. मागनारने वाडगा भरला आणि दोन्ही हातांनी धरून एक घोट घेतला.

तीच. अगदी तीच. संत्र्याच्या सालीसारखा वास, मागून जुनिपरचा कडसरपणा, पोटात उतरताना ऊब. रासमुसने काढली असती तर अशीच झाली असती. ती आंबट निघाली असती तर किती बरं झालं असतं! निदान बियरला नावं ठेवता आली असती. बियर चांगली होती, म्हणजे खोट माणसात होती. इतकी वर्षं लोक रासमुसकडे येत होते, आणि आपण नुसते काहिलीचा दुसरा कान. त्याला रडू आलं. तो बसला आणि रडला, नऊ खुर्च्यांच्या मधोमध, वाडगा मांडीवर घेऊन.

मग त्याने खुर्च्या परत माडीवर नेल्या. नऊ खेपा. आणताना जिना एवढा उंच वाटला नव्हता.

रविवारी तोरुनचा फोन आला.

"घे ते घर," तो म्हणाला.

"काय? काय म्हणालास? अरे खरंच? देव पावला! बुधवारी अकरा वाजता नगरपालिकेत सही करायची, मी स्वतः येते बर्गनहून. मागनार, रडतोयस का?"

"सर्दी आहे."

सोमवारी सकाळी तो पत्रं बघायला खाली उतरला. रस्त्याच्या कडेला सगळ्या घरांचे पोस्टाचे डबे एका फळीवर ओळीने ठोकलेले आहेत. तिथे बोर्गहिल होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, बर्फावर पायाने रेटत न्यायच्या ढकलखुर्चीवर पिशवी ठेवून, आपल्या डब्यात डोकं घातलेली.

"ये बाबा, ये," ती डोकं न काढताच म्हणाली. "तुझ्या पावलांचा आवाज ओळखते मी. बिलंच आली आहेत सगळ्यांना, तुलाही. बरा आहेस ना?"

"हो."

ती वळली. त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "यंदा राहून गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस हो. पहिलं वर्ष जडच जातं. आमचे हे गेले तेव्हा मी तर नाताळचं झाडही आणलं नव्हतं. कोणी तुला काही म्हणणार नाही."

"काय राहून गेलं?"

"बियर रे. नाही काढलीस ना."

मागनारने त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "काढली की मी, गुरुवारी काढली, आणि शनिवारी नऊ खुर्च्या मांडून बसलो होतो."

"चल, काहीतरीच! चाळीस वर्षं सकाळी पडदा उघडून पहिलं तुमच्या भट्टीघराचं धुराडं बघते मी. ऑक्टोबरपासून डोळे लावून बसले होते. धूर कुठे होता?"

"विजेवर काढली. स्वयंपाकघरात."

"वि-जे-वर?" बोर्गहिलच्या हातातली बिलं बर्फात पडली. "अरे माझ्या कर्मा! मग आम्हाला काय स्वप्न पडायचं? धूर नाही, काही नाही, तू घरात बसून बटणं दाबणार आणि आम्ही खाली बसून काय, हवा हुंगायची? आणि आरोळी? निदान आरोळी तरी ठोकायचीस!"

मागनार आपल्या बुटांकडे बघू लागला.

"ठोकलीस का?"

"हळू."

"हळू ठोकली म्हणे!" तिने कपाळावर हात मारला. "तो होवार रोज फोन करायचा मला. दिसला का धूर, दिसला का? मी म्हणायची, नाही रे. शेवटी तो म्हणाला, राहू दे, त्याला एकटं राहायचं असेल, उगाच जाऊन जखमेवर मीठ नको चोळायला. आम्ही सगळे शहाणे! तुला एकटं राहायचं आहे असं ठरवून बसलो, आणि तू वर खुर्च्या मांडतोयस!"

तिचे डोळे भरले आणि ती रागाने नाक शिंकरू लागली. मागनारने खाली वाकून बिलं गोळा केली, झटकून तिच्या हातात दिली. मग मोठ्या कष्टाने म्हणाला, "अजून आहे पिंपात. आज ये ना."

बोर्गहिलने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने तिला पैसे देऊ केले.

"बोलावून?" ती म्हणाली. "मी काय आजारी आहे? आमच्या घरातलं कोणी आजपर्यंत बोलावून बियर प्यायला गेलेलं नाही, आणि मी जाऊन खोऱ्यात तोंड काळं करू?" तिने पिशवी उचलली, ढकलखुर्चीवर एक पाय ठेवला. "मला काही माहीत नाही. तू मला काही सांगितलं नाहीस. मला धूर दिसला तर दिसला."

आणि गेली सरकत. वळणावर तिने एकदा मागे वळून वरच्या धुराड्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही.

मागनार टेकडी चढला तो जवळजवळ पळतच. भट्टीघराचं दार बर्फाने जाम झालं होतं, ते फावड्याने मोकळं केलं. काहील चुलीवरच होती, गेल्या वर्षी दोघांनी ठेवली तशी. ती उचलायची गरजच नव्हती. बादल्या भरभरून त्याने तिच्यात पाणी ओतलं, वर जुनिपरच्या फांद्या टाकल्या आणि खाली लाकडं रचून पेटवली. मागच्याच वर्षी फोडलेली लाकडं, खडखडीत वाळलेली. ती नुसतीच भडभडा जळायला लागली, तेव्हा त्याने मुद्दाम दोन ओली घातली.

मग बाहेर येऊन बघितलं. वारा नव्हता. धूर सरळ वर चढला, जाड, पांढरा, आणि खोऱ्यावर उभा राहिला. सोमवार. म्हणजे मंगळवार, बुधवार. तिसरा दिवस बुधवार. त्याने बोटांवर दोनदा मोजलं.

दिवसभर तो त्या चुलीपाशी बसला, पाणी आटलं की घालत, लाकूड सरलं की घालत. काहिलीत बियर नव्हती, पण विस्तव खरा होता. पलीकडच्या कठड्यावर रासमुस बसायचा ती जागा रिकामी होती आणि ती रिकामीच राहणार, हे त्याला स्पष्ट कळत होतं. तरी तो उठला नाही.

सहा वाजता खिशातला फोन वाजला. तोरुन.

"मागनार, बुधवारचं लक्षात आहे ना? ओळखपत्र विसरू नकोस, आणि तो चांगला कोट घाल, मेंढ्यांचा वास येणारा नको–"

"थांब जरा," मागनार म्हणाला.

काहिलीत खरी बियर असती तर विरजण घालायची हीच वेळ होती. त्याने फोन कठड्यावर ठेवला, भट्टीघराचं दार सताड उघडलं, उंबऱ्यावर पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. आधी आवाज फाटला. मग लागला. एवढा आवाज आपल्यात आहे हे त्याला त्रेसष्ट वर्षं माहीत नव्हतं. समोरच्या कड्यावरून तो परत आला, आणि तो रासमुसचा नव्हता, त्याचा होता. खाली बोर्गहिलचा कुत्रा भुंकायला लागला.

फोनमधून तोरुन किंचाळत होती. "कोण ओरडलं? मागनार! काय झालं? कोण आहे तिथे?"

"मीच," तो धापा टाकत म्हणाला. "तोरुन, बुधवारी सही करायला जमणार नाही. माझ्याकडे पाहुणे येणार आहेत."

"पाहुणे? तुझ्याकडे? कोणाला बोलावलंयस?"

"कोणालाच नाही," मागनार म्हणाला, आणि खुर्च्या आणायला माडीवर गेला.